तिजेचं मचाण

गेल्या साली माझ्या लेकीची, पुजाची तीज पडली ती मचाणानं पडली, तिच्या हातानं न्हाई. हे मी साऱ्या तांड्याला वर्षभर सांगून राहिले. पण तांड्याला एक गोष्ट चघळायला भेटली की ती लवकर तोंडातून सुटत न्हाई.

मी रूपाबाई. साखऱ्याच्या शिवाराला लागून आमचा बंजाऱ्यांचा तांडा. माझे मालक रामसिंग तांड्याचे नायक. भांडण असो, सोयरीक असो, सण असो, त्यांच्या ओट्यावर आल्याबिगर काही पुढं सरकत न्हाई. बाहेर सारा तांडा त्यांचं ऐकतो. घरात ते माझं ऐकतात, पण ते बाहेर सांगायचं न्हाई.

श्रावणात आमच्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, ती आमची तीज. नायकाची परवानगी घ्यायची, माती आणायची, भिजवलेले गहू पेरायचे अन् टोपल्या नायकाच्या दारापुढं उंच मचाणावर ठेवायच्या. मग रोज शिडीवर चढून पाणी घालायचं, गाणी म्हणायची, फेर धरायचा. मचाण उंचच पाहिजे, कारण तांड्यातली पोरं टपलेली असतात. टोपलीला हात लावून पोरींना चिडवायचं हा त्यांचा हक्कच समजा.

तर गेल्या साली त्या लाकडी मचाणाचा एक पाय वाळवीनं खाल्लेला. मी म्हटलं, बदला. नायकांनी पायाखाली दगड सरकवला अन् म्हणाले, "बापजाद्यापासूनचं लाकूड हाय, काय होतंय त्याला!" व्हायचं तेच झालं. पावसात दगड सरकला, मचाण कललं अन् नेमकी पुजाची टोपली खाली आली. वीतभर वाढलेले कोंब चिखलात. बाया पदराआड बोलल्या, "पुजाच्या हाताला यश न्हाई." शेवटच्या दिवशी सगळ्या पोरी नाचल्या, माझी लेक घरात बसून राहिली. मी हाताला धरून ओढलं तर म्हणे, "मला नको, याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात. तो दिवस मी विसरले न्हाई.

त्याच साली दिवाळीच्या सुमाराला कंपनी आली. कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला पेरणी यंत्रं बनवायचा कारखाना हाय, त्यांची. आधी त्यांनी पाण्याची टाकी बसवून दिली. मग कारखान्याच्या प्रियंका मॅडमनं नायकांना इचारलं, आणखी काय पाहिजे तांड्याला? नायक म्हणाले, "देवळाला कळस." मॅडम हसली. म्हणाली, "कळस तुम्ही चढवा, आम्ही तुमच्या लेकरांना कामधंद्याचं शिकवतो." मग नायकांनीच जागा दिली. मन मोठं हाय त्यांचं, नुसती मान ताठ हाय. पत्र्याचं शेड उभं राहिलं, मशिनी आल्या, अन् वेल्डिंग शिकवायला देविदास सर रोज मोटारसायकलवर येऊ लागले.

वर्ग पोरांचा, असं सगळ्यांनी आपापलं धरून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी पुजा अन् तिची मैत्रीण शितल जाऊन पुढं बसल्या. नायकांनी जेवताना इचारलं, "पोरीच्या जातीनं लोखंड जाळून काय करायचं?" मी म्हटलं, "चुलीपुढं जन्मभर लाकूड जाळते, ते चालतं ना तुम्हाला?" पुढं नायकांनी भाकरीशिवाय काही मागितलं न्हाई.

वर्ष सरत आलं अन् परीक्षा ठरली. परीक्षा म्हणजे कागदावरची न्हाई. प्रत्येकानं गावाच्या उपयोगाची एक वस्तू करायची, जिथली तिथं उभी करायची, मॅडम येऊन वजन टाकून पाहणार. पास झालं की कारखान्यात वर्षभराचं शिक्षण, पगार, राहायला जागा. हुकलं की संपलं, पुढच्या तुकडीत दुसरी लेकरं. नायकांनी बी सांगून टाकलं, "या बारीला जमलं तर जा. न्हाई जमलं तर शेत हायच."

पुजा रात्री माझ्या कानाशी आली. "याडी, मी तिजेचं मचाण करून राहिले. लोखंडाचं. बापूला सांगू नको."

माझं काळीज सुपाएवढं झालं बघा. पण बापूला, म्हणजे नायकांना, खरंच सांगायची सोय नव्हती. तीज लोखंडावर ठेवायची हे त्यांच्या कानाला सोसलं नसतं. म्हणून आम्ही मायलेकींनी सांगितलं, शाळेसाठी बाक करून राहिली. पोरी शेडचं दार लावून काम करायच्या. शितल मापं घ्यायची, पुजा जोडायची. तांड्यातल्या सगळ्यात उंच पोराचा हात कुठवर जातो, ते बी त्यांनी गोड बोलून भिंतीवर मोजून घेतलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपली पोलीस भरतीची तयारी चाललीय.

आता परीक्षेचा दिवस अन् तीज पेरायचा दिवस एकच आला. सकाळपासून उघाड होती. आमची गिरणी घराला लागूनच हाय, तिथं सणाचं दळण घेऊन बायांची रांग लागलेली. प्रियंका मॅडम आली. शाळेची फाटकं, पाणवठ्याचा कठडा, एकेकाचं काम पाहत आमच्या दाराकडं निघाली. अन् इकडं नायकांनी ते जुनं लाकडी मचाण बाहेर काढलं, उभं केलं, अन् पायाखाली दगड! तोच दगड! मी ओळखते त्याला.

"नायक," मी म्हटलं, "हे न्हाई चालायचं. पुजानं नवं केलंय. लोखंडाचं."

"लोखंडाचं?" त्यांचा आवाज चढला. "तीज लाकडावर बसते, रूपा. बापजाद्यापासून."

"अन् गेल्या साली चिखलात बसली, ते कोणत्या बापजाद्यानं सांगितलं व्हतं?"

बाया हसल्या. नायकांची मान आणखी ताठ झाली. "लोखंड तापतं. कोंब जळतील."

"श्रावणात? तुमच्या गिरणीत लोखंड न्हाई? तवा कशाचा हाय घरातला? लोखंडाच्या तव्यावरची भाकर गोड लागती, अन् तिजेला तेवढा लोखंडाचा विटाळ व्हय?"

"लाकूड अजून मजबूत हाय," नायक म्हणाले.

झालं! वर्षभराचं साठलेलं माझ्या पायात उतरलं. मी पदर खोचला अन् मचाणाला एक लाथ घातली. एकच. वाळवीचा भुसा उडाला अन् बापजाद्यांचं लाकूड नायकांच्या पायाशी येऊन आडवं झालं. मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "आणा गं पोरींनो, तुमचं मचाण!"

कोणी आणेना.

मी पुन्हा ओरडले. शेवटी शितल पळत आली, तोंड लिंबाएवढं. "काकू, ते... ते दारातून निघून न्हाई राहिलं."

मी धावत गेले. मागं नायक, मागं मॅडम, मागं सारा तांडा. शेडच्या आत मचाण उभं. काय देखणं! निळा रंग, चारी पाय ताठ, वर टोपल्यांसाठी गोल कड्या. अन् एवढं उंच, एवढं रुंद की उभं काढलं तर माथा अडतो, आडवं केलं तर पाय अडतात, तिरपं केलं तर दोन्ही. पोरींनी पोरांचा हात मोजला, टोपल्या मोजल्या, दार तेवढं मोजलं न्हाई! देविदास सर डोक्याला हात लावून उभे. ते आजारी म्हणून आठवडाभर आलेच नव्हते, अन् तेवढ्यात या दोघींनी पाय जोडून टाकलेले.

माणसं जी हसली, जी हसली! एक म्हणाला, "आता तीजच शेडात पेरा." दुसरा म्हणाला, "हत्तीण माडीवर चढवली, उतरवणार कोण?" मला कुठं तोंड लपवावं कळेना. जुनं मी लाथेनं पाडलेलं, नवं बाहेर निघत न्हाई, अन् दिवे लागायच्या आत टोपल्या ठेवायच्या. वरून मॅडम घड्याळ पाहून राहिली.

तवा नायकांनी हात वर केला. हसणं थांबलं. मला वाटलं, आता लेकीला बोलतात. पण ते म्हणाले, "पत्रे काढा. भिंतीकडचे पत्रे काढून घ्या, मचाण बाहेर येईल. कंपनीला मी भरून देतो."

दोन-चार जण पुढं झाले. तर पुजा आडवी आली. डोळे भरलेले, पण आवाज ठाम.

"नको, बापू. दार चुकलं न्हाई, मी चुकले. मीच कापते."

"कापून पुन्हा जोडशील? आजच्या आज?" मॅडमनं इचारलं.

"जोडते. पण इथं न्हाई, बापूच्या दारात. इथं जोडलं तर पुन्हा अडकेल."

मॅडमनं घड्याळाचा हात खाली केला.

पुजानं कटर घेतलं अन् आपल्या हातानं केलेले जोड आपल्याच हातानं कापले. मला तर बघवंना. पाय वेगळे, माथा वेगळा, सगळं उचलून आमच्या दारापुढं आलं. आता शेडची वायर काही तिथवर पुरंना. लाईन होती ती गिरणीची. अन् गिरणी घरघर चाललेली, बायांचं दळण पडलेलं.

"गिरणी बंद करा," मी म्हटलं.

"अगं, सणाचं दळण..." एक म्हातारी कुरकुरली.

"पीठ उद्या बी होईल, काकी. पोरीची परीक्षा उद्या होणार न्हाई." अन् मीच आत जाऊन खटका पाडला.

देविदास सरांनी वायर जोडून दिली अन् बाजूला झाले. परीक्षा पोरीची होती. शितलनं पाय धरले, ओळंबा लावला. दोघींनी तोंडावर वेल्डिंगच्या ढाली घेतल्या. बघायला तर सारा तांडा लोटलेला! आमच्या म्हाताऱ्या घुंगट खाली ओढून म्हणतात, "आम्हाला कपडा हाय, आम्ही बघतो." मॅडम ओरडली, "कपड्यानं भागत नाही, आजी! डोळे जातील! सगळ्यांनी पाठ फिरवा!"

अन् काय सांगू, सारा तांडा पाठ फिरवून उभा राहिला. नुसता चरचर आवाज अन् भिंतीवर निळा उजेड. मी बी भिंतीकडं तोंड करून देवाचं नाव घेत होते. मधीच चोरून मागं पाहिलं, तर नायक पाठ फिरवून उभे न्हाईत. त्यांनी देविदास सरांच्या हातातली काळी काच मागून घेतलेली, डोळ्यापुढं धरलेली, अन् लेकीचं काम पाहून राहिलेले. तोंड उघडं.

चारी पाय झाले. दगडाशिवाय उभं राहिलं मचाण. मॅडमनं हातानं हलवलं, ओळंबा पाहिला, हातोडीनं जोड वाजवले. म्हणाली, "आता वजन. वाळूची पोती आणा."

"पोती कशाला?" नायक म्हणाले. त्यांनी पागोटं नीट केलं, शिडी लावली अन् चढले वर. आमचे नायक म्हणजे काही पेंढीएवढं माणूस न्हाई! वर जाऊन मांडी घालून बसले. इकडं हलले, तिकडं हलले, मुद्दाम आदळले बी. मचाण जागचं हललं न्हाई. खाली पोरं टाचा उंच करून हात वर करून राहिली, एकाचा बी हात पोचला न्हाई. बायांनी लगेच गाण्यात नायकांचं नाव घातलं, की यंदा तिजेला टोपलीत नायक उगवला. हसून हसून माझे डोळे वाहू लागले, अन् ते नुसतं हसणं नव्हतं.

मॅडम म्हणाली, "पुजा, मापात चुकलीस, ते मी लिहिणार. पण चूक स्वतः कापून पुन्हा उभी केलीस, तेही लिहिणार. पुढच्या महिन्यात ये कारखान्यात. शितल, तू पण."

पोरींनी उड्याच मारल्या. पण नायक वरून बोलले, "थांबा, मॅडम. अजून सोयरीक ठरली न्हाई."

"सोयरीक?" मॅडम घाबरली.

"तांड्याची लेक जायची म्हणजे नायकासमोर बोली होते. माझी एक अट हाय. दर साली तिजेला लेक इथं पाहिजे. पेरणीपासून टोपल्या पाण्यात सोडेपर्यंत. मचाण तिनं उभं करायचं, दुसऱ्यानं न्हाई."

"लिहून देऊ?"

"लिहून कशाला? साऱ्या तांड्यासमोर शब्द द्या."

मॅडमनं शब्द दिला. मग पोरींनी रीतीप्रमाणं इचारलं, "नायक, तीज पेरायची परवानगी हाय का?" नायक म्हणाले, "हाय." अन् खाली हात केला. "पहिली टोपली पुजाची द्या."

पुजानं गहू पेरून टोपली वर दिली. नायकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बरोबर मधल्या कडीत बसवली, अन् जरा वेळ हात तसाच तिच्यावर ठेवला. आवाज बारीक करून म्हणाले, "गेल्या सालचा दगड मीच सरकवला व्हता, बेटा. तुझ्या हाताला काय बी झालेलं न्हाई."

हे सगळ्या बायांनी ऐकलं. ऐकलंच पाहिजे व्हतं.

त्या रात्री फेरात पुजा सगळ्यात पुढं नाचली.