घरातला एक नंबर

तोआन मास्तरांनी टॅबलेट मांडीवर घेतला की घरातलं इंटरनेट बंद पडायचं. बाजूला ठेवला की सुरू. मास्तरांच्या मते याचा अर्थ उघड होता: कंपनी त्यांच्यावर डूख धरून होती. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस आला, तेव्हा टॅबलेट कपाटात होता आणि सगळं सुरळीत चालत होतं. तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "बघितलंस? आपला माणूस येणार म्हणून आधीच सुरू केलं. लबाड!"

एरवी त्यांची मुलगी दिएप हसून आपल्या कामाला लागली असती. पण आज दहा वाजता तिची दा नांगच्या एका कंपनीत मुलाखत होती. शेवटची फेरी, घरूनच, लॅपटॉपवर. मोबाइलची रेंज दक्षिण व्हिएतनाममधल्या कान थोच्या त्यांच्या गल्लीत फक्त गच्चीवर यायची, आणि गच्चीवर शेजाऱ्यांचे झुंजीचे कोंबडे होते.

मुलाखतीच्या थोडं आधी मास्तर टॅबलेटवर बुद्धिबळाचा सामना बघायला बसले आणि इंटरनेट गेलं.

"बसलो की नाही मी? झालं!" मास्तर गरजले.

दिएपनं लॅपटॉपलाच विचारलं: एक नंबरवर कोण आहे? घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. शेवटी एक असलेला पत्ता त्यांच्याकडे राउटरचा, कारण बाहेर जाणारं सगळं त्याच्या हातून जातं. शिवाय प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक खूण मिळते. एक नंबरवर राउटरची खूण दिसायला हवी होती. दिसली टॅबलेटची.

"बाबा, तुम्ही सेटिंगमध्ये काही केलंत?"

"शिस्त लावली. आज एक नंबर, उद्या दुसरा, हा काय पोरखेळ? सगळ्यांना कायमचे देऊन टाकले, मानाप्रमाणे. मी एक, तुझी आई दोन, तू तीन."

"मला दोन?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "अहो, माहेरी मला जन्मापासून 'सहावी' म्हणतात. आणि आमच्याकडे थोरल्या पोरालाच 'दोन' म्हणतात. एक नंबर कुणाला देतच नाहीत."

"म्हणूनच तुमच्या दक्षिणेत कुणी कुणाचं ऐकत नाही." निम्मं आयुष्य इथं काढूनही मास्तर उत्तरेतल्या नाम दिन्हचेच राहिले होते.

"ऐकत नाही खरं, पण आमच्याकडे इंटरनेट चालतं."

"बाबा, एक नंबर राउटरचा असतो," दिएप म्हणाली. "तुम्ही त्याच्या जागेवर बसलात. सगळ्यांचे निरोप तुमच्याकडे येतात आणि तुमच्यापाशीच मरतात."

"मग त्याला दुसरा दे. भाड्याचा डबा तो! त्याच्यासाठी घरमालकानं उठायचं?"

राउटरला उठवायचं, तर मास्तरांनी शिस्त लावलेलं एकूणएक यंत्र पुन्हा उसवावं लागलं असतं. तेवढा वेळ नव्हता. दिएपनं सूर बदलला.

"बाबा, राउटर म्हणजे शाळेच्या फाटकावरचा शिपाई. चिठ्ठ्या घ्यायच्या, आत-बाहेर पोचवायच्या. तुम्ही उपमुख्याध्यापक होतात. त्याच्या स्टुलावर—"

मास्तरांनी टॅबलेट चटका बसल्यासारखा टाकला. "मला फाटकावर बसवलं? आणि इतके दिवस कुणी बोललं नाही? काढ मला तिथून!"

"कुठला देऊ?"

"सगळ्यांत मोठा."

तिनं दोनशे चोपन्न टाकला. आई म्हणाली, "छान. आता शेवटून पहिले."

मुलाखत उशिरा जुळली. समोर तिघं. मधल्या टकलू गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून कारण विचारलं.

"घरात राउटरचाच पत्ता आणखी एका यंत्राला दिला होता."

"कुणी?"

दारात मास्तर उभे होते. कंपनीवर ढकलणं सोपं होतं. पण नोकरी नेमकी असले घोळ शोधण्याची होती, आणि पहिल्याच घोळात खोटं बोलून ती मिळवायची नव्हती.

"माझ्या वडिलांनी. ते घरात थोरले, म्हणून एक नंबर."

"आणि तो त्यांनी स्वतःहून सोडला!" मागून मास्तर ओरडले. "तेही लिहून घ्या!"

वडीलधाऱ्याचा आवाज ऐकताच टकलू गृहस्थ सवयीनं खुर्चीतून अर्धे उठले आणि वाकले. मग दोन्ही बाजूंना बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"आमच्या मोठ्या साहेबांनीही एक नंबरच घेतलाय. सगळ्या मजल्याचं इंटरनेट बंद आहे, आम्ही गच्चीवरून मोबाइलवर बोलतोय. त्यांना उठवायची कुणाची छाती होत नाही. सोमवारी येता?"