मोटारीचं सोवळं

"आता मी जे सांगणार आहे, ते या गिरगावात एकही माणूस खरं मानणार नाही," असं म्हणून गुणाजीने कमरेचा पंचा सोडला आणि पुन्हा कसून बांधला. लांबचा पल्ला असला की तो आधी पंचा आवळून घेई. मग तो पल्ला घोड्यांचा असो की थापांचा.

दसऱ्याची सकाळ होती. खोताच्या वाडीजवळ रावबहादूर चिंतामणराव धैर्यवान यांचा बंगला, आणि त्या बंगल्याच्या अंगणात त्यांची बिनघोड्याची मोटार. पुढे झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बाजूला पूजेचं ताट घेतलेल्या रमाबाई. सगळं यथासांग होतं. फक्त मोटारीच्या डाव्या दारावर, काळ्याभोर चकाकत्या रंगात, हातभर ओरखडे होते. केसासारखे बारीक, अर्धगोल, एकाला एक लागून. जणू कोणी दाराला फणी घेऊन विंचरलं होतं.

"खरं न मानायला काय झालं?" रावबहादूर म्हणाले. "सांग तर खरं. ओरखडे कोणाचे? आणि ते सांगून झालं की वर जाऊन बोचकं बांध."

'वर' म्हणजे तबेल्यावरच्या खोलीत. वीस वर्षं गुणाजी या घरचे घोडे हाकत होता आणि वीस वर्षं त्याच खोलीत तो आणि त्याची बायको सुभद्रा राहत होती. वैशाखात विलायतेहून मोटार आली नि घोडे गेले. गुणाजीला काढून टाकायचंच, पण मोटार धुणार कोण? रावबहादुरांनी तोडगा काढला: दसऱ्याच्या पूजेपर्यंत रंगावर एक ओरखडा पडला नाही, तर खोली गुणाजीची. पडला, तर संध्याकाळी लोक सोनं लुटायला बाहेर पडायच्या आत त्याचं बिऱ्हाड बाहेर. बाहेर म्हणजे भोईवाड्यात, मेव्हण्याकडे. तिथे एका खोलीत अकरा माणसं आधीच कुशीवर झोपत. उताणं झोपायला पाळी लावावी लागे.

मोटार चालत नसे असं नाही. चाले. उताराला तर फारच सुरेख चाले. चढ आला की भाड्याचे बैल जोडावे लागत, आणि बैल दिसले की रावबहादूर खाली उतरून पलीकडच्या बाजूने छत्री फिरवत चालू लागत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की ही मोटार दुसऱ्या कोणाची तरी आहे. पण उभी असली की तिच्यासारखी तीच. म्हणून ती बहुतेक उभीच असे, फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तिच्याबरोबर एक विलायती चोपडी आली होती. गाडी कशी धुवावी, याचे नियम. रावबहादुरांनी ते गुणाजीला आधी इंग्रजीत वाचून दाखवले, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत, कारण मराठीत सांगताना त्यांचे त्यांनाच कळेनात. गुणाजी नुसता मान हलवत होता. शेवटी स्वयंपाकीण राधाबाई पळीवाढणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अरे मेल्या, एवढं काय अवघड आहे त्यात? हे तर सोवळं!"

आणि खरंच, बघावं तर सोवळंच होतं. उन्हात धुवायची नाही, सावलीत. नाहीतर पाणी अंगावरच वाळून डाग पडतात. आधी वरून भरपूर पाणी सोडायचं, धूळ आपली आपण वाहून जाऊ द्यायची, मगच हात लावायचा. बालद्या दोन: एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत फडकं पिळायचं. चाकांचं फडकं वेगळं, अंगाचं वेगळं, दोघांची शिवाशिव नाही. वरून खाली पुसत यायचं. खालून वर गेलात की बाटलं. फडकं भुईवर पडलं की ते ओवळं. त्याला खडा चिकटतो आणि तो खडा रंगावर रेघ ओढतो. तेव्हा धुतल्याखेरीज ते पुन्हा लावायचं नाही. शेवटी मऊ कातड्याने पाणी टिपून घ्यायचं. इथे मात्र राधाबाईंनी कानावर हात ठेवले.

"सोवळ्यात कातडं?"

"हरणाचं आहे, राधाबाई. मृगाजिन. ऋषी बसतात त्यावर."

कातडं बकऱ्याचं होतं. पण गुणाजीच्या तोंडून जे बाहेर पडे ते थोडं उड्या मारतच बाहेर पडे.

सगळ्यांत कडक नियम एकच. धूळ कोरडी पुसायची नाही. धुळीत वाळू असते. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं म्हणजे रंगावर कानस. हा नियम रावबहादुरांना इतका आवडला की त्यांनी तो पाटीवर रंगवून तबेल्याला लावला: "मोटारीस कोरडे फडके लावणारास या घरात थारा नाही. हुकुमावरून." गुणाजीला वाचता येत नव्हतं, तरी पाटी होती.

पाच महिने गुणाजीने हे सोवळं पाळलं. सुभद्रा म्हणे, "देवाला कधी एवढी आंघोळ घातली असतीत तर गावाला आंब्याची कलमंसुद्धा आपली झाली असती." पण रंगावर रेघ नाही म्हणजे नाही.

आणि काल, खंडेनवमीच्या दुपारी, खिडकीत विडी ओढत बसलेल्या गुणाजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोटारीवर धूळ होती. रस्त्यावरून कोणा बड्या गोऱ्या साहेबाची बग्गी येत होती. आणि रावबहादुरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खांद्यावरचं जरीच्या काठाचं उपरणं काढलं आणि डावं दार खसाखसा, गोल गोल पुसलं. कोरडंच.

आता हे सांगायचं कसं? मालकाच्या तोंडावर मालकाचं नाव घेणं म्हणजे उभ्या घोड्याच्या मागे जाऊन त्याची शेपटी ओढणं. वीस वर्षांत गुणाजीने एकही लाथ खाल्ली नव्हती, ती एवढ्या अकलेमुळेच. शिवाय आज रमाबाईंचे भाऊ रमाकांत वकीलही दसऱ्याला म्हणून आलेले, पायरीवर सुपारी कातरत बसलेले. चारचौघांत मालकाला खोटं पाडणारा गडी भोईवाड्यालासुद्धा जिवंत पोचत नाही. दुसऱ्याला खोटं पाडायचं नसेल, तर माणसाने स्वतः खोटं बोलावं. हा गुणाजीचा धर्म.

"तर काय झालं," तो म्हणाला, "काल सकाळी मी गाडी धुतली. आरसा केला नुसता. बाईसाहेबांनी त्यात बघून कुंकू लावलं असतं."

"मी काही लावलं नाही हो," रमाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"लावलं असतं म्हणतो. मग दुपारी गल्लीतून विटांच्या तीन गाड्या गेल्या. ही धूळ! मोटार दिसेना. बालद्या घेतल्या, नळावर धावलो. नळ कोरडा."

"दुपारी नळ बंदच असतो," रमाकांत वकील म्हणाले.

"बघा, वकीलसाहेब साक्षीला आहेत. इथवर एक शब्द खोटा नाही."

"विहीर काय मेली होती?" रावबहादूर.

"विहिरीचं पाणी खारं, धनी. वाळलं की गाडीच्या अंगावर देवी आल्यासारखे ठिपके. ते कसं चालेल? हात हलवत परत आलो, तर मोटारीभोवती मांजरं. सात."

"आळीत चारच आहेत," राधाबाई म्हणाल्या. "मी जेवायला घालते, मला ठाऊक."

"चार आपली. एक ठाकूरद्वारची, एक परळची आणि एक भोईवाड्याची म्हातारी. देवळाच्या पायरीवर वाढलेली. कडक सोवळ्याची."

"भोईवाड्याहून इथे आली? चालत?"

"भायखळ्यापर्यंत चालत. पुढे ट्राम."

रमाकांतांचा अडकित्ता थांबला. "तिकीट कोणी काढलं रे?"

"म्हातारं माणूस बघून कंडक्टरने विचारलं नाही, साहेब. अजून चांगली माणसं आहेत."

"पण आली कशाला?" रमाबाईंना आता खरंच जाणून घ्यायचं होतं. हातातलं निरांजन विझलेलंही त्यांना कळलं नव्हतं.

"चाकाच्या आसाला मी मुशीचं तेल घालतो ना, त्या वासाने."

"मासळीचं तेल?" रावबहादूर ओरडले. "आणि विलायती डबा आणून दिलाय तो?"

"तो आहे, धनी. जपून ठेवलाय. तर मांजरांनी गाडी चाटायला घेतली. पण कशी? उजवीकडून तीन, डावीकडून तीन, म्हातारी समोर देखरेखीला. रंगाला एकीची नखी लागू दिली नाही. मागच्या पायांवर उभ्या, पुढचे दोन छातीशी जोडलेले, असे. आणि जीभ लावायच्या आधी प्रत्येकजण पन्हाळीखालच्या दगडी कुंडीत जाऊन ती ओली करून येत होती. कोरड्या जिभेने धुळीला स्पर्श नाही. वरून सुरुवात, खाली शेवट. चाक चाटलेली जीभ पुन्हा दाराला नाही. ठाकूरद्वारचीने एकदा चुकून तसं केलं, तर म्हातारीने तिच्या कानशिलात ठेवून दिली नि आंघोळीला पाठवली."

"शहाणी हो," राधाबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण काय रे, मांजराची जीभ असते खरखरीत. काथ्यासारखी. ओली असली म्हणून काय झालं?"

"वा, राधाबाई!" रमाकांतांनी सुपारी तोंडात टाकली. "प्रकरण निकालात निघालं. ओरखडे जिभेचे. भाऊजी, गडी निर्दोष."

"निर्दोष कसा?" रावबहादूर म्हणाले. "गाडी राखायची कोणी? यानेच. मांजरं येऊ दिली कोणी? यानेच. सात मांजरांना गाडी चाटताना हा उभा राहून बघत होता! जीभ मांजराची असो की सुसरीची, मला काय करायचंय? चल, वर जा, बोचकं बांध. आणि सुभद्रेलाही सांग."

तबेल्याच्या खिडकीत सुभद्रेचा चेहरा होता, तो आत गेला. थोड्या वेळाने आतून ट्रंकेची कडी वाजली.

तरी गुणाजीने लगाम सोडला नाही. "जातो धनी. पण एवढं राहिलं, तेवढं सांगतो. मग जातो. त्या साहेबाचं."

"कुठल्या साहेबाचं?" रावबहादुरांचा आवाज एकदम खाली आला.

"काल दुपारी नाही का बग्गीतून गेले? लाल मिशांचे. मांजरांचं काम आटपलं न आटपलं तोच बग्गी आली. आणि फाटकाशी थांबली."

"थांबली?" रमाबाई म्हणाल्या. "अहो, आपल्या फाटकाशी साहेब थांबला, नि तुम्ही मला बोलला नाहीत ते?"

रावबहादूर फक्त खांद्यावरचं उपरणं उगाच सारखं करत राहिले.

"थांबली म्हणजे, साहेब खाली उतरला," गुणाजी म्हणाला. "डाव्या दारापाशी आला. वाकला. दारात स्वतःच्या मिशा बघितल्या, पीळ दिला. म्हणाला, किसने साफ किया? ही झळाळी आमच्या लाटसाहेबांच्या गाडीलासुद्धा नाही."

"असं म्हणाला?" रमाकांतांनी विचारलं.

"अगदी असं. आता मी गरीब, मी खोटं कशाला बोलू? मी बोट दाखवलं म्हातारीकडे. साहेबाने तिच्यासमोर टोपी काढली."

रावबहादुरांची मान लाल होऊ लागली. "मांजरीसमोर?"

"हो ना. म्हणाला, वाटलंच मला, हे माणसाच्या हाताचं काम नव्हे. निदान या घरातल्या माणसाच्या तर नव्हेच नव्हे."

"गुणाजी!"

"मी नाही धनी, साहेब म्हणाला. मग खिशातून वही काढली नि म्हातारीचं नाव-गाव उतरून घेतलं. म्हणाला, सरकारात लिहितो. एवढ्या कर्तबगारीवर तर हिला रावबहादूर करायला हवं. नाहीतर आजकाल ही पदवी कोणालाही..."

"खोटं!" रावबहादूर असे गरजले की पगडी कानावर आली. "साफ खोटं! मांजर नव्हतं तिथे, मांजराची शेपूट नव्हती! साहेबाने टोपी मला काढली, मला! 'व्हेरी फाइन' मला म्हणाला! आणि ती धूळ पुसली मी! या हातांनी, या उपरण्याने, पाण्याचा एक थेंब न लावता!"