मानोऱ्याची दुपारची गाडी

“आता उतार येते पाह्य. आता तांड्याचा फाटा. आता पुलावरचं वळण. डोळे मिटून बसलो तरी मले समजते.”

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बेबीताई नवऱ्याच्या एसटीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. ग्यानबानं मान न वळवता, इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून, तिला मंगरूळपीर ते मानोरा सगळा रस्ता बोलून दाखवला होता. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आवाज कानात तसाच राहिला, खणखणीत. माणूस मात्र आता तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, मग मधलंही.

आज ती त्याला घेऊन स्टँडासमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली होती. घरच्या कॉम्प्युटरातली डिस्क कटकट वाजायची आणि बसचा गेम मधेच अडकायचा. ग्यानबाचं निदान पक्कं होतं: डिझेलमध्ये पाणी.

कॉम्प्युटर लेकीचा, स्नेहाचा. पुण्याला नोकरी लागली तशी तिनं लॅपटॉप घेतला आणि हा घरी ठेवून गेली, गेमसकट. डोळे पुरते गेले तेव्हा ग्यानबा अकरा दिवस कोणाशी बोलला नव्हता. बाराव्या दिवशी बेबीताईनं, निदान इंजिनाचा आवाज तरी त्याच्या कानी पडावा म्हणून, तो गेम लावला. त्यानं मान वर केली. कोणता रस्ता, म्हणून विचारलं. पडद्यावर कुठल्या तरी परमुलखातलं गाव होतं, उंच घरांचं, पाट्यांवर न वाचता येणारी अक्षरं. ती बोलून गेली, मंगरूळ-मानोरा.

बोलून गेली एकदा, आणि दोन वर्षं त्या एका शब्दामागे चालत राहिली. सकाळी शेतात निंदायला जायचं, आल्यावर भाकरी थापायची, जेवणं झाली की गाडी काढायची. गाडी तिनं चालवायची, रस्ता तिनं बोलायचा, मानोरा आलं की पाण्याचा गिलासही तिनंच भरायचा. तो शेजारी बसून गिअर सांगायचा. फाट्यावर बाई हात दाखवून राह्यली असंल, घे तिले, म्हणायचा. ती रिकाम्या रस्त्यावर गाडी थांबवायची. गेममधल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालायच्या; एकदा आवाजावरून त्यानं विचारलं, समोरची गाडी डावीकडून काहून गेली? पिऊन असंल, ती म्हणाली. त्यावर तो दिवसभर हसला होता. ते हसू ऐकलं की तिचा थकवा घटकाभर बाजूला बसायचा, मग पुन्हा जवळ सरकायचा.

दुकानाच्या मालकानं, राजपालनं, दोघांना जय भीम घातला, स्टूल दिलं आणि काचेवर दोन डिस्क ठेवल्या. एक लहान, पातळ, चिपची. हिच्यावर गेम पटकन उघडते, अडकत नाही, पण जागा कमी. एखाद-दुसरा गेम मावेल. दुसरी मोठी, आत तबकडी फिरणारी. उघडायला वेळ घेते, पण शंभर गेम ठेवा. भाव जवळपास सारखाच. चालवायले ही, साठवायले ती, असं त्याचं म्हणणं.

ग्यानबानं दोन्ही हातात घेऊन तोलल्या. “म्हणजे ही गाडी झाली,” तो म्हणाला, “अन् हा डेपो.”

राजपाल हसला. बोलता बोलता तो सांगून बसला की या गेमचे नवेनवे रस्ते लोक बनवतात, नेटवरून उतरवून घेता येतात.

ग्यानबाचा चेहरा उजळला. मग डेपोच घेऊ, तो म्हणाला. कारंजा टाक, कामरगाव टाक, वाशीम टाक. अन् पुसदचा घाट, तो सोडू नको. मोठी डिस्क एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांवर तो एकेक रस्ता मोजू लागला. सुरू व्हायले वेळ लागू दे, डिझेलची गाडी गरम झाल्याबिगर निघत नसते.

राजपालच्या कपाळाला आठी पडली. “काका, आपल्याकडचे रस्ते तर…” त्यानं बेबीताईकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. तो उगाच काच पुसू लागला.

ग्यानबा मोजतच होता. बेबीताई त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. कामरगावला ती दोनदा गेली होती, कधीकाळी लग्नाला. कारंजाचा स्टँड तेवढा आठवत होता. पुसदचा घाट तर तिनं जन्मात पाहिला नव्हता. किती वळणं बोलायची? कुठे चढ आणायचा, कुठे उतार? हा माणूस वळण वळण ओळखणारा. मोठी डिस्क घरी गेली की सगळा मुलूख तिला तोंडानं बांधायचा होता, रोज दुपारी, गुडघे दुखत असताना. आणि लहान घ्यायची, तर का, ते सांगावं लागणार होतं. सांगितलं की तो पुन्हा मुका होईल, हीच एक भीती.

“काकू, कोणती देऊ?” राजपालनं हळूच विचारलं.

“लहान.”

“काहून वं?” ग्यानबा तिच्याकडे वळला. “अन् पुसद कुठं ठेवशीन?”

तिनं त्याच्या हातातली मोठी डिस्क काढून काचेवर ठेवली. रिकामा झालेला हात आपल्या हातात धरला.

“अहो, त्याच्यात पुसद नाही. मानोराबी नाही. कोण्या परक्या देशाचा रस्ता हाये तो, पाट्यासुद्धा मले वाचता येत नाही. तुमी बोलत नव्हते म्हणून मी म्हणून गेली. फाटा, पूल, उतार, समदं मीच सांगत होती. आता नाही होत. थकली मी.”