पिवळं कार्ड

हे लिहिणार नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. पण झालं ते असं.

सुरतच्या हॉस्पिटलात रेवजीकाकांच्या पायावरचे केस काढून झाले होते. घोट्यापासून मांडीपर्यंत पेनाने रेघ मारलेली. तिथली नस काढून हृदयाला लावणार. अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले, उद्या सकाळी बायपास. त्यांचा मुलगा अजित माझा दोस्त. नवापूरहून गाडी मीच आणली.

खाटेच्या कडेला खापर गावचे उदेसिंग बसले होते. अजितच्या बहिणीचे, जागृतीचे होणारे सासरे. पुढच्या महिन्यात लग्न. ते रक्त देऊन आले होते, दंडाला कापूस चिकटवलेला.

"व्याही, आता माझं रक्त तुमच्यात. उद्यापासून तुम्ही पण खापरवाले!"

काका हसले. मग दम लागला.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. साखर? दमा? काका नाही-नाही म्हणत गेले.

"सिकलसेल? रक्ताचा आजार, आईबापाकडून पोरांत उतरतो. तुमच्या भागात असतो म्हणून विचारते. असला तर आत्ताच सांगा काका. मशीनवर रक्त थंड करतात, तसलं रक्त त्यात गोठू शकतं. डॉक्टरांना आधी तयारी लागते."

काकांनी उदेसिंगकडे बघितलं.

"तपासणी झाली गावात. काही नाही निघालं."

तिने टिक केली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दोन वर्षांपूर्वी गावच्या शिबिरात कार्डांवर नावं मीच लिहिलेली. काकांचं पिवळं. म्हणजे रक्तात आहे, पण त्रास नाही. जागृतीचं पांढरं, साफ. पण बापाचं पिवळं कळल्यावर पोरीचं कार्ड कोण उघडून बघतो?

जिन्यात मी अजितला गाठलं.

"जा, सांग सिस्टरला. उदेसिंग चहाला गेलेत."

"त्यांना कळल्याशिवाय राहील का? वॉर्डात काय लपतं?"

"बाप जाईल रे."

"मन्हा बाप शे तो, जोएल. तुन्हा नाही." तो पायरीवर बसला. "त्यानेच सांगितलं, भो. म्हणे मी मेलो तरी लग्न होईल. हे कळलं तर मी जगूनही होणार नाही."

वरून त्याच्या नावाचा पुकारा झाला. संमतीच्या कागदावर सही हवी होती. तो उठला, दोन पायऱ्या चढला, परत खाली आला.

"येसूची शपथ घे."

आमच्या चर्चमध्ये शपथ घेत नाहीत. त्याला ते माहीत आहे.

"नाही सांगणार," मी म्हणालो.