ज्योतीराम चालत आला

"धनेश, पाय टेक नीट! नव्या नवरीसारखा काय चालतोस?" मी ओरडले, तशी कासारवाडी स्टेशनवर उतरलेली माणसं वळून बघायला लागली. बघेनात का! जैसलमेरच्या वाळवंटात आठवडाभर चालून आलो होतो आम्ही. तेवढी मिजास चालायचीच.

आम्ही म्हणजे तिघं, चाकणच्या एकाच कंपनीतले. मी शालन, कँटीन सांभाळते. धनेश वेल्डिंगला, अंगाने पैलवान. आणि ज्योतीराम, टूलरूमच्या खिडकीत बसून हत्यारं देणारा. आधी तो पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर होता. प्रेसखाली डाव्या पायाचा अर्धा पंजा गेला आणि तेव्हापासून त्याच्या कानावर एकच वाक्य, "बस तू, मी आणतो." पाणी प्यायला उठला तरी तेच. लोक मायेनेच म्हणायचे, पण त्या मायेने माणूस पार खुर्चीला खिळला होता.

धनेशने मोबाइलवर ट्रेकची जाहिरात दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी ज्योतीराम म्हणाला, "माझं नाव घाल. आन् ध्यानात ठेव, मी पुरं चालणार. जीपचं नाव काढायचं न्हाई."

सामानाची जीप रोज मागून यायची, थकलेल्यांना त्यात जागा असायची. त्या जीपची वेळ कुणावर आली, ते ऐका. "ट्रेकचे बूट कशाला विकत घ्यायचे? कंपनीचे सेफ्टी शूज आहेत की! लोखंड पडलं तरी बोट चेपत नाही," ही धनेशची अक्कल. वाळवंटात लोखंड कोण टाकणार होतं, देव जाणे. मीही त्याचं ऐकलं, माझं मेलीचं नशीब. त्या बुटांच्या टोकाला पोलादी वाटी असते. पहाटे बर्फ, दुपारी तवा, आणि आत वाळू शिरली की पाय उचलेना. मी दुसऱ्याच दिवशी बूट काढून चपला घातल्या. धनेश हट्टाला पेटला, आणि शेवटच्या दिवशी आमचा पैलवान टाचांना फोड घेऊन, तोंडावर रुमाल टाकून जीपमध्ये बसला.

ज्योतीराम मात्र साध्या कॅनव्हासच्या बुटात, डाव्या बुटाच्या टोकात चिंध्या कोंबून, खुरडत का होईना, चालत होता. वाळूचा चढ आला की हात टेकून चढायचा. एकदा मी हात पुढे केला.

"शालनताई, हात मागं घ्या, न्हाईतर भांडण होईल."

घेतला मागे. काय करणार?

शेवटच्या टेकडीवर पोचलो तेव्हा मला रडूच कोसळलं. मी चाकणहून पिशवीभर कांदे नेले होते, ते फोडून बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ले. धनेश जीपमधून उतरून लंगडत नाचला. ज्योतीराम बूट झाडत नुसता हसत होता. "आता कौशल्येला तोंड दाखवतो," म्हणाला. कौशल्याबाई म्हणजे त्याची बायको.

आणि आता स्टेशनबाहेर आमची अख्खी कॉलनी उभी होती. हार काय, पेढे काय, कोंडाजीची हलगी काय! तेवढ्यात शेजारचे यशवंतराव पुढे झाले. "काय ज्योतीरामभाऊ, जीपमधून वाळवंट झकास दिसलं असेल, नाही?"

ज्योतीरामचा चेहरा खर्रकन उतरला. माझं डोकंच फिरलं.

"जीपमध्ये हा बसला होता, हा!" मी धनेशचा कान धरला.

"खरंय राव," धनेश कान सोडवत म्हणाला, "मी बसलो. भाऊ पुरे चालले. आईशप्पथ!"

एकच गलका झाला. धनेशला इतका चेव आला की त्याने हाकच दिली, "उचला रे भाऊंना!" चार जणांनी ज्योतीरामला खांद्यावर घेतलंसुद्धा.

"खाली ठेवा," तो म्हणाला. त्या गोंगाटात कोण ऐकतंय? "आरं, खाली ठेवा म्हणतोय ना!"

हलगी थांबली.

"एवढा चालत आलो, ते घरला खांद्यावर जायाला व्हय? जायाचंय की एक दिवस खांद्यावरून. तवा न्या, मी नको म्हणायला येणार न्हाई."

चौघांनी त्याला अलगद खाली ठेवलं. तो हार सारखा करून चालायला लागला. कोंडाजीने पुन्हा हलगी धरली, पण वरातीचा ठेका तो, जोरात पळायचा, आणि ज्योतीराम मागे राहायचा. कोंडाजीने एकदा त्याच्या पायांकडे बघितलं आणि ठेका बदलला. एक लांब, एक आखूड. त्या लंगड्या ठेक्यावर अख्खी गल्ली नाचली. यशवंतरावही नाचले, आणि मी तर पदर खोचून नाचले.

ज्योतीरामच्या दारात कौशल्याबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. पंजा गेल्यापासून तो कामावरून आला की ती रोज खाली उतरून त्याला हाताला धरून पायऱ्या चढवायची. आजही एक पाऊल तिने पुढे टाकलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच थांबली. तिने ताट सावरलं, पण बाई खाली उतरली नाही. आम्हीही सगळे खालीच राहिलो.

तो एकेक पायरी चढून तिच्यासमोर उभा राहिला.

"लई उशीर केला," ती म्हणाली.

"चालत आलो," ज्योतीराम म्हणाला.