पासवर्डपाशी मी मुका होतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अकोल्यात पंचफुलाबाईंच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. कारखान्यातून निघतानाच माझ्यात एका कंपनीची कार्यप्रणाली भरली होती. तिच्याशिवाय मला काहीच करता येत नसे, आणि ती आतून कशी चालते हे कंपनी कुणाला पाहू देत नसे.

पंचफुलाबाई शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी गेली. त्यांची लेक दीक्षा प्रोग्रॅमर. तिने पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तयार केला आणि मी बोलू लागलो. बाई ऐकत ऐकत टाइप करायला शिकल्या. कापूस वेचून लेकरं शिकवणाऱ्या आपल्या आईची गोष्ट त्या लिहीत होत्या.

पण पासवर्डच्या पडद्यावर मी मुका असे. तिथे बाहेरचा प्रोग्रॅम चालूच होऊ द्यायचा नाही, असं त्या प्रणालीत ठरलेलं होतं. अक्षर चुकलं तरी बाईंना कळत नसे. मग दीक्षा ऑफिसातून येईपर्यंत मी तसाच पडून.

"दिवसभर तुही वाट पाहत बसून राहतो मी," बाई एकदा दीक्षाला म्हणाल्या. "लिहाचं मनातच राह्यते. मले माह्या हातानं चालू करता आला पाह्यजे."

पासवर्डच्या पडद्याचा कोड पाहू द्याल का, असं दीक्षाने कंपनीला विचारलं. तो भाग उघड करता येत नाही, असं उत्तर आलं. दुरुस्तीवाला शेखर म्हणाला, "जुन्यावर कायले जीव काढता? नवा घेऊन टाका."

"नव्यातही हेच कुलूप राहीन," दीक्षा म्हणाली. "मले आत पाहाचं हाये."

बाईंचं लिखाण वेगळं जपून ठेवून तिने जुनी प्रणाली पुसली आणि जिचा कोड कुणालाही वाचता, बदलता येतो अशी प्रणाली माझ्यात बसवली. आधी माझा आवाजच गेला. मग पडदा काळा राहू लागला. दीक्षा कोड वाचायची, बदलायची, पुन्हा मला सुरू करायची. मीही हट्टाने सुरू होत राहिलो.

एका रविवारी सकाळी मी स्पष्ट म्हणालो, "पासवर्ड टाका."

"तू हात नको लावू," बाई लेकीला म्हणाल्या. त्यांनी टाइप केलं. मी सांगितलं, "पासवर्ड चुकला."

बाई हसल्या. "चुकला, थे तरी सांगतलं यानं."

दुसऱ्यांदा बरोबर आला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि थांबलेली गोष्ट लिहायला घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांवरची धूळ पुसाच. पण आत काय चाललं आहे, तेही जाणून घ्या. कुणी 'आत पाहायचं नाही' म्हणालं, तर शांतपणे विचारा, "काहून नाही?"