शिवणमावशींच्या डाव्या हाताला

"मावशींच्या बोलण्यावर जाऊ नकोस, त्यांचे हात बघ," असं वर्ग घेणाऱ्या ताईंनी तिला एकदा हळूच बजावलं होतं. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तिला वाटलं, हात बघून काम शीक, असं म्हणताहेत. आणि तेव्हा तिला बघायला दुसरं काय कमी होतं? सोबत आणलेली मुलगी दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, आणि खोलीभर मणी सांडलेले. घरून निघताना ती पोरीच्या झबल्याची बटणं मोजायची, एखादं गिळलं तर नाही ना म्हणून घरी परतल्यावर पुन्हा मोजायची. नवरा म्हणायचा, "अगं, दागिने करायला जातेस की पहाऱ्यावर?"

ती खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. दर मंगळवारी सकाळी दहा ते एक. लांब टेबल, प्रत्येकीपुढे एक गुळगुळीत टाईल, भिंतीशी छोटा ओव्हन. ताई तिथे पॉलिमर क्लेचे आणि तारेचे दागिने शिकवायच्या. क्ले म्हणजे मेणासारखी चिवट, रंगीत माती. मळून मळून मऊ करायची, मणी वळायचे, टूथपिकने भोकं पाडायची आणि टाईलसकट अर्धा तास भाजायचं. मग तार कापून, गोल तोंडाच्या पकडीने तिला कडी घालायची. पांढऱ्या मातीला हात लावण्याआधी बोटं पुसली नाहीत, तर आधीच्या लाल रंगाची सगळी पापं तिच्यात उतरायची. तिचे पहिले तीन पांढरे मणी गुलाबी झाले होते. ते तिने अजून ठेवलेत.

मणी मात्र निमित्त होतं. दिवसभर 'बा' आणि 'दा' याच्यापलीकडे कोणी बोलत नसलेल्या घरातून निघून ती त्या टेबलाशी येऊन बसायची, आणि आपण कॉलेजात शिकलो, विनोद केले, आपल्यालाही कोणी हसलं होतं, हे तिला आठवायचं. त्यातही जागा ठरलेली: शिवणमावशींच्या डाव्या हाताला.

शिवणमावशींनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. नवरा गेल्यावर मुलाला शिलाईच्या मशीनवर वाढवलं. आता मुलगा दूर, दुसऱ्या गावी, आणि मावशी आपल्या मशीनसोबत एकट्या. काही बोलायचं झालं की त्या अख्खी मान वळवून, तोंडासमोर तोंड आणून बोलायच्या. तिला वाटायचं, किती जीव लावतात.

"मावशी, पक्कड तुमच्या कोपरापाशी आहे," पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई समोरून ओरडायच्या. "टेबल काय चाचपताय? धन पुरलंय का?"

"सापडलं तर तुला नाही सांगणार. तुला लोकांची पाकिटं उघडायची सवय."

"एकही उघडलं नाही हो चाळीस वर्षांत!"

"मग चाळीस वर्षं फुकट घालवलीस."

सगळ्या खो खो हसायच्या. मावशी पेला सांडायच्या, दाराच्या चौकटीला खांदा आपटायच्या, आणि दर वेळी चौकटीलाच दटावायच्या, "बाजूला हो की जरा!" कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. कारण मावशी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायच्या. बायका आपापल्या सुया त्यांच्यापुढे धरायच्या. ज्या बाईचा दोरा असा जातो, तिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?

मग एका मंगळवारी मावशींनी ओव्हनमधून टाईल काढली. हातात जाड मोजा, टाईलवर बावीस निळे मणी. त्यांनी ती टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवली. अर्धी टेबलावर, अर्धी हवेत. खाली सतरंजीवर पोर बसली होती.

टाईल पडली. पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावर तिचे दोन तुकडे झाले. मणी टेबलाखाली पळाले. पोरीला काही झालं नाही, ती टाळ्या वाजवायला लागली. पण आईच्या तोंडाला आवर राहिला नाही.

"डोळे आहेत की नाही तुम्हाला?"

सगळ्यांना वाटलं, आता मावशी काहीतरी फटकळ बोलतील. मावशी मोजा घातलेला हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"नाहीत गं," त्या म्हणाल्या. "या बाजूचं काहीच दिसत नाही. वर्ष होत आलं."

पोस्टातल्या बाई खाली वाकून मणी गोळा करत होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. इतके महिने आपण त्याच बाजूला बसत होतो, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"डॉक्टरला दाखवलंत?" तिने विचारलं.

"दाखवलं की मुलाला कळणार. कळलं की तो मशीन विकणार आणि मला नेऊन त्याच्या सोफ्यावर बसवणार. उशीसारखं." मावशींनी मोजा काढला, पिशवी उचलली आणि जिना उतरल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी.

"मला शंका होती," ताई म्हणाल्या. "विचारलं तर थट्टेवारी न्यायच्या. तू शेजारी बसायचीस, म्हणून तुला म्हटलं होतं, त्यांचे हात बघ."

इतके महिने फरशीवरचा एकही मणी तिच्या नजरेतून सुटला नव्हता, मावशींचे हात तेवढे सुटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मावशींचं दार वाजवलं. पोर कडेवर.

"रागवायला आलीस?"

"नाही. मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. तिथे हिला धरायला कोणी नाही. तुम्ही चला."

"तुझ्या डोळ्यांना काय झालं?"

"ते डॉक्टर सांगतील. चला ना."

"काल तुझी पोर चिरडायला निघाले होते मी. आणि आज तिला माझ्याच मांडीवर देतेस?"

"घट्ट धरा म्हणजे झालं."

मावशींना सगळं कळत होतं. तरी त्यांनी चपला घातल्या. वाटेत तिने त्यांची डावी बाजू धरली.

दवाखान्यातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "पेशंट कोण?" ती काही बोलणार, तेवढ्यात मावशींनी पोर तिच्याकडे दिली. "मी. ही नुसतीच खोटारडी आहे."

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कागदावर काढलेला नजरेचा नकाशा दाखवला. डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा. ते गेलेलं परत येणार नव्हतं. उजव्यातही काठाने काळं सुरू झालं होतं, मधलं तेवढं स्वच्छ, म्हणून सुईत दोरा जायचा; पण ते काळं तिथेच थोपवता येण्यासारखं होतं. रोज थेंब, न चुकता, जन्मभर.

"आणखी वर्ष काढलं असतंत, तर उजवाही हातचा गेला असता," डॉक्टर म्हणाले.

मुलगा आला, आईवर चिडला, मग जिन्यात बसून रडला. मशीन विकलं नाही. ते खिडकीशी हलवलं, एवढंच.

आता ती खोली बंद आहे, ताई दुसऱ्या गावी गेल्या. पोर शाळेत जाते. मावशींना उजव्या डोळ्याने अजून दिसतं. मंगळवारची सकाळ आली की तिला उगाचच गरम क्लेचा वास आल्यासारखा वाटतो, आणि टेबलाभोवतीचं ते हसणं आठवतं. त्या हसण्याची तिला ओढ आहे. आपणही त्यात सामील होतो, हे मात्र तिला सुखाने आठवू देत नाही.

म्हणून ही गोष्ट इथवर वाचलीत, तर तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही ओळखीत कोणी असेल. एकटं राहणारं, ठणठणीत म्हणून गाजलेलं, ज्याच्या धांदरटपणावर तुम्ही सगळे मिळून हसता. आज त्यांच्याकडे जाऊन या. फोन करू नका, फोनवर सगळे बरेच असतात. काही निमित्त सुचलं नाही, तर सरळ खोटं बोला. पण जा.